सेनासाहेबसुभा रघूजी भोसले आणि त्याचे चार पुत्र

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात पहिल्या रघूजीनंतरच्या पिढीची गणना सामान्यतः ऱ्हासाच्या सदरात केली जाते. पराक्रमी बापाच्या पोटी कलहप्रिय पुत्र निपजले, त्यांनी आपापसांत भांडून बापाने मिळविलेले घालविले, असा निर्वाळा अनेक ग्रंथांतून आढळतो आणि विद्यार्थीही तो मुखोद्गत करतात. हा निर्वाळा अर्धाच खरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी यांच्या हातून जे घडले त्याचा पुष्कळसा भाग बापाच्या हयातीतच ठरून गेला होता. बापाने मागे काय ठेवले आणि कोणत्या रूपाने ठेवले, हा प्रश्न पुत्रांच्या लायकीच्या प्रश्नाआधी विचारला पाहिजे. लेखकाचा मूळ विषय भाषा हा आहे. इतिहासाच्या दालनात तो पाहुणा म्हणूनच येत आहे. परंतु या घराण्याच्या भांडणात काही शब्दांचा वाटा इतका मोठा आहे की, भाषेच्या अभ्यासकाने त्यात डोकावणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम रघूजीच्या स्वतःच्या पोरपणाकडे पाहू. त्याचा पिता बिंबाजी. या शाखेचा उत्कर्ष केला तो परसोजीने. त्यास छत्रपती राजाराम महाराजांनी १६९९ मध्ये ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब देऊन वऱ्हाड-गोंडवनाचा मुलूख नेमून दिला आणि १७०७ मध्ये शाहू परत आल्यावर त्याच्या पक्षास मिळणाऱ्या पहिल्या सरदारांत तो होता. परसोजीनंतर तो मान त्याचा मुलगा कान्होजी याच्याकडे आला. कान्होजीचे ठाणे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे होते. त्यास मूल नव्हते म्हणून त्याने रघूजीस पुत्राप्रमाणे वाढविले. पुढे कान्होजीस रायाजी हा मुलगा झाला आणि रघूजीचे त्या घरातील स्थान एका जन्माने बदलले. पुत्रवत् मानलेला मुलगा आणि पोटचा मुलगा यांतील अंतर त्यास ऐन उमेदीच्या वयात उमगले. तो घर सोडून निघाला, देवगड व एलिचपूर येथे चाकरी करून पाहिली आणि शेवटी साताऱ्यास शाहूच्या पदरी गेला. तेथे त्याने राजाची मर्जी संपादली, शिर्के घराण्याच्या द्वारे राणीच्या नात्यात त्याचा विवाह झाला आणि १७३० च्या सुमारास कान्होजीचीच सेनासाहेबी त्यास मिळाली. ती बजावून घेण्यासाठी त्याने वणीजवळ मंदर येथे चुलत्यास गाठून कैद केले. कान्होजीचे उरलेले दिवस साताऱ्यास बंदीत गेले.

म्हणजे रघूजीच्या उत्कर्षाच्या मुळाशीच वारसाचे एक भांडण आहे, आणि त्या भांडणात जो पोटचा नव्हता तो जिंकला. ज्या पुरुषाने हे स्वतः अनुभवले त्याने आपल्या मुलांचा प्रश्न इतका उघडा कसा ठेवला, याचे नवल वाटते.

त्याच्या पुढील पराक्रमाचा तपशील येथे नको. तो सर्वांस परिचित आहे. १७४० च्या मे महिन्यात दामलचेरीच्या घाटात दोस्त अलीचा पाडाव, १७४१ मध्ये त्रिचनापल्ली हस्तगत करून चंदासाहेबास कैद, त्याच वर्षी भास्कर राम कोल्हटकराच्या हातून रतनपूरचा पाडाव व बंगालवरील मोहिमांचा आरंभ, १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून केलेला भास्कररामाचा खून, आणि अखेर १७५१ चा तह. या तहान्वये ओडिशा प्रांत नागपूरकरांच्या ताब्यात आला आणि बंगालच्या चौथाईबद्दल साल बारा लाख रुपये ठरले. वीस वर्षांत एका माणसाने भामच्या गढीपासून कटकच्या समुद्रापर्यंत हात पोचविला.

या मोहिमांत मुलांची नेमणूक कशी होत गेली, हे मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. भास्कररामानंतर बंगाल-ओडिशाचे काम रघूजीने हळूहळू पुत्रांवर टाकले. १७४८ च्या मोहिमेत जानोजी आहे. तो परतल्यावर मीर हबीबच्या मदतीस साबाजीची रवानगी झालेली दिसते. मुलगा हा बापाचा हात, अशीच ही योजना होती. त्याच काळात साताऱ्यास शाहूस औरस पुत्र नसल्याने दत्तकाचा विचार चालला असता रघूजीच्या एका पुत्राचे नाव पुढे आले होते. ते सिद्धीस गेले असते तर भोसल्यांच्या नागपूर शाखेचा मुलगा छत्रपतींच्या गादीवर बसता. बापाच्या आकांक्षेने मुलांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे एवढ्यावरून कळते: एक मुलगा पूर्वेकडे पसरण्यास, एक साताऱ्याकडे चढण्यास.

आता नागपूरकडे वळले पाहिजे, कारण हे शहरही रघूजीस एका बापाच्या मुलांच्या भांडणातूनच लाभले. देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी नागपूर वसविले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने येथे राजधानी करून शहरास कोट घातला व जुम्मा तलाव बांधविला. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वलीशहाने गादी बळकावली. तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या दोन मुलांसाठी, बुऱ्हाणशहा व अकबरशहा यांच्यासाठी, रघूजीस पाचारण केले. रघूजीने वलीशहाचा बंदोबस्त केला. त्याबद्दल राणीने त्यास आपला तिसरा पुत्र मानून राज्याचा हिस्सा दिला, अशी परंपरागत हकीकत आहे. पुढे दोघा भावांचे पटेना. रघूजीने बुऱ्हाणशहाची बाजू घेतली, अकबरशहा परागंदा झाला आणि बुऱ्हाणशहा नावापुरता राजा व प्रत्यक्षात नेमणूक खाणारा आश्रित झाला. १७४३ पासून नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली. गोंड राजाचे वंशज या शहरात पुढेही ‘राजा’ म्हणून नांदले, आणि भोसल्यांनी त्यांचा मान राखला, ही गोष्ट नागपूरकरांस अभिमानाने सांगता येण्याजोगी आहे. पण दोन भाऊ भांडले की तिसरा घरात शिरतो, हा धडा रघूजीने दुसऱ्यांच्या घरी गिरविला होता. तो त्याच्या घरात कोणी वाचून दाखविला नाही.

रघूजी १४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपूर येथे मृत्यू पावला. मागे चार औरस पुत्र. त्यांत वयाने वडील जानोजी, पण तो धाकट्या स्त्रीचा. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या स्त्रीचा. येथून जो वाद माजला त्यात शब्दांचे एक कोडे आहे. मराठीत ‘वडील’ हा शब्द प्राकृतातील ‘वड्ड’, म्हणजे मोठा, यापासून आलेला. जुन्या लेखनात ‘वडील पुत्र’, ‘वडील बंधू’ असा तो सर्रास विशेषण म्हणून येतो. बाप या अर्थी तो नाम म्हणून रूढ झाला. ‘वडिलकी’ या शब्दात तर दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत: घरात जो वडील असेल त्याने बापाच्या जागी उभे राहावयाचे. प्रश्न असा की वडीलपण मोजावयाचे कशाने? वर्षांनी की आईच्या मानाने? ‘थोरली’ व ‘धाकटी’ ही स्त्रियांची विशेषणे विवाहाच्या क्रमाची आहेत, वयाची नव्हेत. तेव्हा ‘थोरलीचा धाकटा’ मोठा की ‘धाकटीचा थोरला’, याचा निकाल भाषा देत नाही. ती दोन्ही पक्षांस पुरावा पुरविते. एका स्त्रीच्या घरात हे दोन्ही क्रम जुळतात, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही की ते दोन आहेत. अनेक विवाह करणाऱ्या सरदाराच्या घरी ते फुटतात.

जानोजीने नागपूर धरून ठेवले, मुधोजीने तक्रार पुण्यास नेली. पेशव्यास ही संधी न मिळती तरच नवल! बालाजी बाजीरावाचा व रघूजीचा बंगालच्या चौथाईवरून १७४३ मध्ये उघड संग्राम झाला होता आणि शाहूने स्वतः मध्ये पडून दोघांच्या हद्दी ठरवून दिल्या होत्या. शाहू १७४९ मध्ये वारला. आता पंच उरला तो पेशवाच, म्हणजे कालचा प्रतिवादी. त्याने नजराण्याची मोठी रक्कम ठरवून जानोजीस सेनासाहेबसुभा केले, मुधोजीस ‘सेनाधुरंधर’ असा नवा किताब देऊन चांदा दिला, बिंबाजीस छत्तीसगड व साबाजीस वऱ्हाडातील दारव्हा अशी वाटणी झाली.

या दोन किताबांची घडण मोठी बोलकी आहे. ‘सेनासाहेबसुभा’ हा शब्द तीन तुकड्यांचा. पहिला संस्कृत, दुसरा व तिसरा अरबी, फारसीच्या मार्गाने आलेले. राजारामाच्या संकटकाळात जिंजीच्या आसपास जी पदे निर्माण झाली त्यांत असा संमिश्र ढंग सहज आढळतो. पद जुने, त्यामागे छत्रपतींचा हुकूम आणि मुलूख. ‘सेनाधुरंधर’ हा मात्र शुद्ध संस्कृत समास. ऐकावयास भारदस्त, पण आत अधिकार थोडा. असमाधानी भावास देण्यासाठी घडविलेला तो शब्द आहे आणि तो तसा वाचल्याशिवाय मुधोजीच्या मनातील शल्य समजणार नाही. मुलूख वाटता येतो. वाट्याला येईल तेवढा प्रत्येकाने घ्यावा. पद वाटता येत नाही. रघूजीने दोहोंना मिळून ‘दौलत’ म्हटले आणि मुलांवर सोपविले. ‘दौलत’ या अरबी शब्दाच्या धात्वर्थात फिरणे, पाळीपाळीने येणे असा भाव आहे, तो मराठीत येताना गळून पडला. आमच्याकडे दौलत म्हणजे जी साठवावी, राखावी आणि मुलांना द्यावी ती.

जानोजीच्या कारकीर्दीवर दोलायमान वृत्तीचा शिक्का बसला आहे. १७६३ मध्ये तो निजाम अलीच्या बाजूने पुण्यावर गेला, शहर जळाले. त्याच वर्षी १० ऑगस्टच्या राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी तो निजामास सोडून पेशव्याकडे वळला व बत्तीस लाखांचा मुलूख मिळवून बसला. माधवरावाने १७६६ मध्ये त्यातील चोवीस लाखांचा परत घेतला आणि १७६९ मध्ये नागपूरवर फौज घालून शहर लुटले, जाळले. त्या वर्षीच्या कनकापूरच्या तहात राहिलेलाही परत द्यावा लागला. हे वर्तन निंद्य असेल, आहेच. परंतु ज्याच्या पदाला घरातच दावेदार आहे आणि ज्याच्या दावेदाराची फिर्याद पुण्यास कायमची दाखल आहे, त्या माणसाचे पुण्याशी वर्तन सरळ कसे राहावे? साडेतीन शहाण्यांतील देवाजीपंत चोरघडे त्याच्या पदरी होता. त्याच्या शहाणपणाचा बराचसा व्यय ही एक जागा झाकता दुसरी उघडी पडू नये, याच खटाटोपात झाला.

तिकडे बिंबाजीचे काय झाले? चौघांत त्याच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते, कारण तो भांडला नाही. तो रतनपूरला गेला आणि १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. रतनपूरच्या टेकडीवर त्याने राममंदिर बांधविले. रामटेकाची आठवण मनात धरूनच त्या टेकडीला रामटेकरी म्हणू लागले असावेत. कारभारात मराठी व मोडी त्याच्या काळात आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल त्याने तेथे रूढ केली असे छत्तीसगडात आजही सांगतात. छत्तीसगडीतील मराठी शब्दांचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने या तीस वर्षांकडे अवश्य लक्ष द्यावे; एखाद्या भाषेचा दुसरीवर ठसा उमटतो तो मोहिमांनी नव्हे, कचेरी बसल्याने. मोहिमा बंगालातही झाल्या, पण तेथे मराठ्यांची आठवण ‘बर्गी’ या शब्दात आणि मुलांना भेडसावून निजविण्याच्या गाण्यात उरली. ‘बारगीर’ या आमच्या साध्या लष्करी शब्दाची ही गत बापाच्या मोहिमांची. रतनपूरची कचेरी ही मुलाची. बिंबाजी अधिक गुणी होता म्हणून हे घडले, असा दावा नाही. तो दूर होता. बापाच्या पदाची छाया रतनपूरपर्यंत लांबली नाही, आणि तेवढ्यामुळे त्यास स्वतःचे म्हणून काही आयुष्य लाभले.

जानोजीस मूल नव्हते. कान्होजीच्या घरातील जुना प्रसंग पुन्हा उभा राहिला. त्याने मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेण्याचे ठरविले आणि थेऊरास जाऊन आजारी माधवरावाची त्यास संमती मिळविली. परतीच्या वाटेवर मे १७७२ मध्ये तो मरण पावला. येथे मुधोजीचे चरित्र एका विलक्षण वळणावर येते. सतरा वर्षे जो स्वतःसाठी सेनासाहेबी मागत होता त्यास ती मुलाच्या नावाने मिळत होती. हा तोडगा जानोजीने सुचविला असो वा देवाजीपंताने, तो शहाणपणाचा होता. दोन शाखा एका मुलात मिळत होत्या. पण साबाजी उरला होता. जानोजीची विधवा दर्याबाई हिने साबाजीची बाजू घेतली, पुण्यात नारायणरावाचा कल साबाजीकडे व रघुनाथरावाचा मुधोजीकडे, आणि मग पुण्यातील प्रत्येक उलथापालथीबरोबर नागपूरची सेनासाहेबी इकडून तिकडे होऊ लागली. १७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारी येथे दोघा भावांची लढाई झाली. निकाल लागला नाही.

निकाल लागला तो २६ जानेवारी १७७५ रोजी, नागपूरहून उमरेडकडे जाणाऱ्या वाटेवरील पांचगाव येथे. लढाई मुधोजीच्या विरुद्ध गेली होती. त्याचा हत्ती वेढला गेला. साबाजीने विजय झाला असे समजून आपला हत्ती पुढे घातला व भावास शरण येण्यास सांगितले. हत्तीस हत्ती भिडला तेव्हा मुधोजीने पिस्तुल झाडले आणि साबाजी अंबारीतच ठार झाला. क्षणात लढाई फिरली. ही हकीकत जुन्या साधनांत थोड्याफार फरकाने सर्वत्र येते, आणि बखरकारापासून यादव माधव काळे यांच्यापर्यंत सर्वांनी ती सांगितली आहे. तिच्यातील नाट्य इतके प्रखर आहे की एक साधी गोष्ट नजरेआड होते: मुधोजी त्या दिवशी स्वतःसाठी लढत नव्हता. सेनासाहेबसुभा त्याचा मुलगा होता. मुधोजी अखेरपर्यंत, १७८८ मध्ये मरेतो, सेनाधुरंधरच राहिला.

बापाने न दिलेले पद मुलास मिळवून देण्यासाठी त्याने भावास मारले. आकांक्षा एका पिढीतून दुसरीत कशी उतरते याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात शोधावे लागेल. वंचित पुत्र हाच पुढे महत्त्वाकांक्षी पिता होतो. पहिल्या रघूजीच्या बाबतीतही क्रम हाच होता. आणि एकदा पिता झाल्यावर मुधोजीनेही बापाचाच कित्ता गिरविला. धाकटा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू यास इंग्रजांविरुद्धच्या चौकडीच्या कारस्थानात फौज देऊन कटकाकडे धाडले, आणि त्याच वेळी वॉरन हेस्टिंग्जशी पैशाचे बोलणे चालविले. मुलगा सरहद्दीवर तळ देऊन बसून राहिला. कलकत्त्याहून रक्कम आली आणि मोहीम थिजली. त्या तरुणाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी मोहीम अशी बापाच्या हिशेबवहीतील एक जमा होऊन संपली. तो १७८९ मध्ये वारला. तिसरा व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. बिंबाजीनंतर छत्तीसगड त्याच्याकडे आले, पण तो नागपूर सोडून रतनपूरला राहावयास गेला नाही. सुभेदार नेमून कारभार होऊ लागला.

आजोबाने जिंकलेला पूर्वेकडील समुद्र नातवाच्या हातून गेला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीस कटक, बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडावे लागले. बापाच्या मिळकतीतील जे वाटण्याजोगे होते ते असे निघून गेले. जे वाटता येत नव्हते ते पद तेवढे राहिले, आणि त्यासाठी आणखी एक मनुष्य मारला जावयाचा होता. दुसरा रघूजी २२ मार्च १८१६ रोजी वारला. त्याचा एकुलता मुलगा परसोजी शरीराने व मनाने दुर्बळ. व्यंकोजीचा मुलगा आप्पासाहेब कारभारी झाला व मे महिन्यात त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळला. आप्पासाहेबाने त्याचा गळा दाबविला, हे पुढे निष्पन्न झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढचा भाग ब्रिटिश अमदानीचा.

शेवटी नावांविषयी थोडे. पहिल्या रघूजीने पुत्रांची नावे ठेवली ती अशी: मुधोजी हे शाखेच्या मूळ पुरुषाचे, साबाजी हे परसोजीच्या भावाचे, बिंबाजी हे स्वतःच्या पित्याचे. नातवाचे नाव पुन्हा रघूजी, पणतवाचे परसोजी. आप्पासाहेबाचेही खरे नाव मुधोजी. वंशावळीचा कागद समोर धरून बसणाऱ्या विद्यार्थ्याची यात दमछाक होते आणि परीक्षेत एका मुधोजीचे कृत्य दुसऱ्याच्या पदरात पडते; पण आजा-पणज्याचे नाव मुलास देणे ही आपल्या समाजातील सार्वत्रिक रीत आहे, तीत गैर काही नाही. या घराण्यात मात्र नाव हे पदाबरोबर चालू लागलेले दिसते. १८१८ मध्ये आप्पासाहेबास पदच्युत केल्यावर इंग्रजांनी दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातील बाजीबा, यास गादीवर आणले. त्यास दत्तक देऊन त्याचे नाव रघूजी ठेवण्यात आले. हा तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारला आणि डलहौसीने राज्य खालसा केले. खजिना, हत्ती-घोडे, जडजवाहीर सरकारजमा होऊन लिलावास निघाले. त्यानंतर राण्यांनी अहिरराव घराण्यातील यशवंतराव या मुलास दत्तक घेतले. राज्य राहिले नव्हते, सेनासाहेबी राहिली नव्हती, वाटून देण्याजोगा मुलूखही राहिला नव्हता. मुलाचे नाव बदलून जानोजी असे ठेवण्यात आले.